अपूर्णांकांची कॅटेगरी आणि आंशिक बाणांची कॅटेगरी : एकाच चित्रातून दोन रचना कोणत्या क्रमाने कराव्यात

बेळगावात आमचा रविवार सकाळचा एक छोटा अभ्यासवर्ग चालतो. खानापूर, निपाणी, चिकोडी या बाजूंची एम.एस्सी.ची मुले तिथे येतात. त्यांतली काही मराठी माध्यमातून आलेली असतात, काही कन्नड माध्यमातून. एकजण ज्याला अपूर्णांक म्हणतो त्याला शेजारचा भिन्नराशी म्हणतो, पण अंश आणि छेद हे शब्द दोघांचेही तेच आहेत. खाली मी बाणांना हीच नावे दिली आहेत, कारण जी चूक मुले दरवर्षी करतात ती शाळेतल्या अपूर्णांकांपाशीच सुरू होते.

कॅटेगरी म्हणजे वस्तू, त्यांना जोडणारे बाण, आणि एका बाणामागून दुसरा लावण्याची रीत, म्हणजे संयोजन. चूक अशी. क पासून ख पर्यंत थेट बाण नसतो. म्हणून मधे घ ही वस्तू घेतात, घ पासून क कडे एक मागे वळणारा बाण छ काढतात आणि घ पासून ख कडे एक पुढे जाणारा बाण अ काढतात. क ← घ → ख हे चित्र अपूर्णांकांच्या कॅटेगरीतही (जिथे छ ला व्यस्त, म्हणजे उलटवणारा बाण, मिळतो) हेच असते आणि आंशिक बाणांच्या कॅटेगरीतही (जिथे बाण क च्या एका भागावरच असतो) हेच असते. चित्र सारखे दिसले की मुले लगेच संयोजनाला लागतात, आणि दोन चित्रे समान केव्हा मानायची हा प्रश्न शेवटी विचारतात. तो प्रश्न संयोजनाच्या आधी सुटला पाहिजे, कारण या दोन रचनांतला सगळा फरक त्या समानतेत आहे.

## टप्पा १ : सुरुवातीलाच कागदावर काय लिहून घ्यावे

वहीच्या वरच्या भागात चार ओळी लिहाव्यात आणि काम संपेपर्यंत त्या खोडू नयेत.

१. मूळ कॅटेगरी कोणती, म्हणजे वस्तू कोणत्या आणि बाण कोणते.

२. छेद म्हणून चालणाऱ्या बाणांचा वर्ग व कोणता.

३. संयोजन कोणत्या दिशेने वाचायचे. या लेखात अ∘छ म्हणजे आधी छ, मग अ. आयडेंटिटी बाणासाठी, म्हणजे सगळे जागच्या जागी ठेवणाऱ्या बाणासाठी, सर्वत्र इ लिहिले आहे.

४. जोडी कोणत्या क्रमाने लिहायची. इथे (छ, अ), म्हणजे छेद आधी.

इशारा. या रचनेला काही लेखक उजवे अपूर्णांक म्हणतात, तर काही डावे म्हणतात. दोन पुस्तके समोर ठेवून एकातली अट आणि दुसऱ्यातली सिद्धता घेतली की बाण उलटे पडतात. नावाकडे दुर्लक्ष करून छेदाचा बाण क मध्ये येतो की ख मधून निघतो एवढेच पाहावे. इथे तो क मध्ये येतो.

पडताळा. मूळ कॅटेगरी लहान आहे का, म्हणजे तिच्या सगळ्या वस्तू मिळून एक संच होतो का? तसे नसेल, तर क पासून ख पर्यंतच्या अपूर्णांकांचा संच होईलच असे नाही. ही अडचण पुढे आपोआप मिटत नाही, म्हणून तिची नोंद इथेच करावी.

## टप्पा २ : तीन अटी, आणि त्या खरोखर तपासणे

गणितज्ञ गॅब्रिएल आणि झिसमन यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या अटी आपल्या दिशेने लिहिल्या, तर त्या अशा होतात.

अट १. प्रत्येक आयडेंटिटी व मध्ये आहे, आणि व मधल्या दोन बाणांचे संयोजनही व मध्ये आहे.

अट २, म्हणजे ओर यांची अट. फ : क → ख हा कोणताही बाण आणि छ : घ → ख हा व मधला बाण दिला असता, क मध्ये येणारा व मधला एक बाण छ′ आणि त्याच्याच उगमापासून घ कडे जाणारा बाण फ′ असे मिळतात की फ∘छ′ = छ∘फ′; या चार बाणांच्या चित्राला पुढे चौकोन म्हटले आहे.

अट ३, म्हणजे संक्षेपाची अट. छ व मध्ये असेल आणि छ∘फ = छ∘भ असेल, तर व मधला असा एक बाण ह मिळतो की फ∘ह = भ∘ह.

तिसऱ्या अटीत बहुतेकजण छ ला सरळ काट मारून फ = भ लिहून मोकळे होतात. अट तसे म्हणत नाही. छ नंतर लागणारा बाण आहे आणि ह आधी लागणारा. संक्षेप मिळतो, पण दुसऱ्या टोकाला नवा छेद लावल्यावर मिळतो. व मधले सगळे बाण मोनो असतील, म्हणजे छ∘फ = छ∘भ वरून थेट फ = भ देणारे असतील, तरच ह = इ घेऊन काम भागते.

दुसरी अट शाळेत कधीच दिसत नाही, कारण पूर्णांकांच्या गुणाकारात क्रमाला महत्त्व नाही. तिथे छ′ = छ आणि फ′ = फ घेतले की चौकोन तयार होतो. म्हणूनच ही अट आपोआप पाळली जाते असा समज होतो, आणि ती न तपासताच मुले पुढे जातात. ती मोडते कशी हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्यावे.

टोपॉलॉजिकल अवकाश, म्हणजे जवळिकीची कल्पना असलेले संच, आणि सतत फलने घ्या. व म्हणून विवृत (आपल्या प्रत्येक बिंदूभोवती थोडी जागा असलेल्या) आणि डेन्स (प्रत्येक बिंदूच्या कितीही जवळ पोहोचणाऱ्या) उपसंचांची समावेशने घ्या; समावेशन म्हणजे भागातला प्रत्येक बिंदू पूर्णात त्याच जागी ठेवणारे फलन. अट १ पाळली जाते. समावेशने मोनो असल्यामुळे अट ३ सुद्धा पाळली जाते. आता छ हे शून्य वगळलेल्या संख्यारेषेचे पूर्ण संख्यारेषेतले समावेशन घ्या, आणि फ हे प्रत्येक संख्येला शून्यावर नेणारे स्थिर फलन घ्या. ओर चौकोन हवा असेल तर संख्यारेषेचा एखादा डेन्स भाग असा लागेल, की फ ने तो शून्य वगळलेल्या रेषेत जातो. पण फ सगळ्यालाच शून्यावर नेते, त्यामुळे असा भाग रिकामाच असू शकतो, आणि रिकामा भाग डेन्स नाही. अट २ मोडली.

उपाय मूळ कॅटेगरीतच करावा लागतो. बाण म्हणून फक्त विवृत सतत फलने ठेवली, म्हणजे विवृत संचाची प्रतिमा विवृतच ठेवणारी, तर डेन्स संचाची पूर्वप्रतिमा डेन्स राहते आणि चौकोन मिळतो. हे उदाहरण शेवटी पुन्हा लागणार आहे.

पडताळा. अट २ तपासताना फ साठी सर्वांत वाईट बाण घेऊन पाहिला का? स्थिर बाण, शून्य बाण, एकाच बिंदूवर कोसळणारा बाण. चांगल्या बाणांवर अट पाळली गेली म्हणजे ती सिद्ध झाली असे होत नाही.

## टप्पा ३ : समानता ठरवणे

इथे घाई करू नये. या लेखातला सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याला द्यावा.

शाळेतली सवय तिरकस गुणाकाराची असते : पहिल्याचा अंश गुणिले दुसऱ्याचा छेद बरोबर दुसऱ्याचा अंश गुणिले पहिल्याचा छेद. ही सवय कुठे दगा देते ते पाहण्यासाठी ६ ने भागल्यावर उरणाऱ्या बाक्यांचे गणित घ्या. वस्तू एकच, बाण ० ते ५, संयोजन म्हणजे गुणाकार. व मध्ये १, २, ४ हे तीन बाण घ्या. तिरकस गुणाकाराने ३/१ आणि ०/२ समान ठरतात, कारण ३ × २ = ६, म्हणजे ०, आणि ० × १ = ०. ०/२ आणि ०/१ सुद्धा समान ठरतात. पण ३/१ आणि ०/१ समान ठरत नाहीत, कारण ३ म्हणजे ० नव्हे. पहिला दुसऱ्यासारखा, दुसरा तिसऱ्यासारखा, आणि पहिला तिसऱ्यासारखा नाही. संक्रमकताच गेली, तेव्हा हा सममूल्य संबंध नाही.

बरोबर व्याख्या तिरकस गुणाकाराची नसून छेद समान करण्याची आहे. क ← घ१ → ख हा (छ१, अ१) आणि क ← घ२ → ख हा (छ२, अ२) हे सममूल्य आहेत, जर एखाद्या वस्तूपासून घ१ कडे स आणि घ२ कडे त असे बाण मिळत असतील की

छ१∘स = छ२∘त, आणि हा समान बाण व मध्ये आहे;
अ१∘स = अ२∘त.

१/२ आणि ३/६ साठी स = ३, त = १. वरच्या उदाहरणात ३/१ आणि ०/१ साठी स = त = २ घ्या : छेद दोन्हीकडे २, अंश दोन्हीकडे ०. म्हणजे ३ आणि ० आता समान आहेत, आणि सगळे मांडून पाहिले तर तीनच अपूर्णांक उरतात : ०, १, २. हे ३ ने भागल्यावरच्या बाक्यांचे गणित झाले. २ ला व्यस्त द्यायचा तर ३ ला शून्य व्हावेच लागते.

इशारा. समान झालेला छेद व मध्ये हवा. स आणि त स्वतः व मध्ये असण्याची गरज नाही. एका कॉलेजात शिकवत असताना मी स्वतः फळ्यावर दोन्ही व मध्ये हवेत असे लिहून बसलो आणि संक्रमकतेच्या सिद्धतेत अडकलो. मागच्या बाकावरच्या मुलीने कुठे अडलो ते दाखवेपर्यंत तास संपत आला होता. कुठे अडते ते खालच्या सिद्धतेत न या बाणापाशी कळेल.

संक्रमकता अशी सिद्ध करावी. पहिला आणि दुसरा अपूर्णांक स, त यांनी सममूल्य आहेत; य = छ१∘स = छ२∘त म्हणू. दुसरा आणि तिसरा द, ध यांनी सममूल्य आहेत; र = छ२∘द = छ३∘ध म्हणू. य आणि र दोन्ही व मध्ये आहेत आणि दोन्ही क मध्ये येतात.

पहिली पायरी : अट २ लावून य∘म = र∘न असे म, न मिळवा, ज्यात म व मध्ये आहे. न व मध्ये आहे की नाही हे आपल्याला ठाऊक नाही. माझा खडू इथेच अडला होता.

दुसरी पायरी : छ२∘त∘म = य∘म = र∘न = छ२∘द∘न. छ२ व मध्ये आहे, म्हणून अट ३ लावून व मधला ह मिळतो ज्याने त∘म∘ह = द∘न∘ह.

तिसरी पायरी : आता स∘म∘ह आणि ध∘न∘ह हे दोन बाण घ्या. छेद पाहा : छ१∘स∘म∘ह = य∘म∘ह, हे तीन व मधल्या बाणांचे संयोजन आहे, म्हणून व मध्ये. तिसऱ्याकडून छ३∘ध∘न∘ह = र∘न∘ह = य∘म∘ह, म्हणजे तेच. अंश पाहा : अ१∘स∘म∘ह = अ२∘त∘म∘ह = अ२∘द∘न∘ह = अ३∘ध∘न∘ह. झाले.

दुसरी पायरी गाळणे ही सर्वांत नेहमीची चूक. पहिल्या पायरीनंतर छेद जुळलेले दिसतात, त्यामुळे अंशही जुळले असतील असे वाटते. पण त∘म आणि द∘न छ२ लावल्यावर समान आहेत, त्याआधी असतीलच असे नाही.

## टप्पा ४ : संयोजन

(छ१, अ१) हा क पासून ख पर्यंत आणि (छ२, अ२) हा ख पासून ग पर्यंत. अ१ आणि छ२ दोन्ही ख मध्ये येतात. अट २ लावून अ१∘छ′ = छ२∘अ′ असा चौकोन घ्यावा, छ′ व मध्ये. संयोजन म्हणजे (छ१∘छ′, अ२∘अ′).

चौकोन कोणताही चालतो, पण तो कोणताही चालतो हे दाखवावे लागते. दुसऱ्या कुणी छ″, अ″ असा वेगळा चौकोन घेतला असेल, तर छ′ आणि छ″ दोन्ही अ१ च्या उगमात येतात; त्यांना अट २ लावून छ′∘म = छ″∘न करा, म व मध्ये ठेवा. मग छ२∘अ′∘म = अ१∘छ′∘म = अ१∘छ″∘न = छ२∘अ″∘न, आणि अट ३ ने व मधला ह मिळून अ′∘म∘ह = अ″∘न∘ह. छेद छ१∘छ′∘म∘ह व मध्ये आहे. युक्ती टप्पा ३ मधलीच आहे. तो नीट केला असेल तर इथे नवे काही नाही. प्रतिनिधी बदलले तरी उत्तर बदलत नाही हे आणि साहचर्य याच दोन अटी आलटून पालटून वापरून निघतात.

पडताळा. पूर्णांकांवर हे सूत्र लावून छेद गुणिले छेद, अंश गुणिले अंश मिळते का ते पाहावे. मिळत नसेल तर बाणांची दिशा चुकली आहे.

## टप्पा ५ : मूळ कॅटेगरीतून नव्या कॅटेगरीत

फ हा बाण (इ, फ) वर जातो. व मधल्या छ चा व्यस्त (छ, इ). एका बाजूने संयोजन केले की (छ, छ) येते, आणि स = इ, त = छ घेऊन ते (इ, इ) शी सममूल्य होते.

आयसोमॉर्फिझम म्हणजे व्यस्त असलेला बाण, आणि फंक्टर म्हणजे संयोजन जपून एका कॅटेगरीच्या वस्तू आणि बाण दुसरीत नेणारी रीत. व मधल्या प्रत्येक बाणाला आयसोमॉर्फिझम करणारा कोणताही फंक्टर या कॅटेगरीतून एकाच प्रकारे जातो : (छ, अ) ची प्रतिमा म्हणजे आधी छ च्या प्रतिमेचा व्यस्त, मग अ ची प्रतिमा. ही प्रतिमा प्रतिनिधीवर अवलंबून नाही हे दाखवताना पुन्हा तीच शंका येते, की स व मध्ये नाही तर त्याच्या प्रतिमेला व्यस्त कुठून आणायचा. छ१ आणि छ१∘स या दोघांच्या प्रतिमांना व्यस्त आहेत, म्हणून स च्या प्रतिमेलाही आहे.

इशारा. मूळ कॅटेगरी नव्या कॅटेगरीत जशीच्या तशी बसते असे समजू नये. फ आणि भ नव्या कॅटेगरीत समान होतात, जर व मधल्या एखाद्या ह ने फ∘ह = भ∘ह होत असेल तर, आणि तेव्हाच. वर ३ आणि ० चे तेच झाले.

## टप्पा ६ : आंशिक बाण, त्याच चित्रातून

आधी शब्दाचा घोळ मिटवू. आंशिक मधला अंश म्हणजे भाग. अपूर्णांकातल्या अंशाशी त्याचा संबंध नाही. आंशिक बाण म्हणजे क च्या एका भागावरच व्याख्या असलेला बाण. तो भाग म्हणजे घ, आणि छ हे त्या भागाचे क मधले समावेशन.

इथे व च्या अटी वेगळ्या आहेत : व मधले सगळे बाण मोनो हवेत, सगळे आयसोमॉर्फिझम व मध्ये हवेत, संयोजन व मध्येच राहायला हवे, आणि व मधल्या बाणाचे कोणत्याही बाणावरून पुलबॅक (म्हणजे त्या दोन बाणांवरचा सर्वांत मोठा चौकोन, ज्यातून बाकीचे सगळे चौकोन एकाच प्रकारे जातात) अस्तित्वात असून तेही व मध्ये यायला हवे.

समानता फारच कडक आहे. (छ१, अ१) आणि (छ२, अ२) समान तेव्हाच, जेव्हा घ१ पासून घ२ पर्यंत असा आयसोमॉर्फिझम आहे की जो छेद आणि अंश दोन्ही जुळवतो. लहान भागावर जाऊन जुळले तर चालत नाही. आमच्याकडच्या जमिनीच्या उताऱ्यावर क्षेत्र एकर-गुंठ्यांत लिहिलेले असते, सीमेपलीकडे महाराष्ट्रात चंदगडला ते हेक्टर-आरमध्ये असते. कसेही लिहिले तरी क्षेत्राशिवाय उतारा नसतो. आंशिक बाणही आपले क्षेत्र सोबत घेऊन फिरतो. अपूर्णांक ते क्षेत्र पुसून टाकतो.

संयोजनात इथे कोणताही चौकोन चालत नाही, पुलबॅकच हवा. गावांच्या यादीतून ज्या गावांत आठवडी बाजार भरतो त्यांना बाजाराचा वार लावणारा एक आंशिक बाण घ्या, आणि ज्या वारी तालुक्याला जादा गाडी सुटते त्या वाराला सुटण्याची वेळ लावणारा दुसरा. संयोजनाचे क्षेत्र म्हणजे ज्या गावांत बाजार भरतो आणि त्या वारी गाडी आहे अशी *सगळी* गावे. जुळणारा पण लहान चौकोन घेतला तर काही गावे विनाकारण गळतात, आणि किती गाळायची हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहते. टप्पा ४ मध्ये हाच हलगर्जीपणा निर्धोक होता, कारण तिथे गळलेला भाग समानतेत दिसतच नव्हता.

आणि सर्वांत महत्त्वाचे : छ ला इथे व्यस्त मिळत नाही. (इ, छ) नंतर (छ, इ) केले तर घ ची आयडेंटिटी मिळते, पण उलट क्रमाने (छ, छ) मिळते, आणि छ स्वतः आयसोमॉर्फिझम असल्याशिवाय ते (इ, इ) नव्हे. (छ, छ) हा एक आयडेम्पोटंट आहे, म्हणजे दोनदा लावला तरी एकदा लावल्यासारखाच राहणारा बाण, आणि तोच क्षेत्राची नोंद ठेवतो. गणितज्ञ कॉकेट आणि लॅक यांनी २००२ मध्ये मांडलेल्या रिस्ट्रिक्शन कॅटेगरीत प्रत्येक बाणाला असा आयडेम्पोटंट जोडलेला असतो.

## टप्पा ७ : दोन्ही रचना शेजारी ठेवून तपासणे

पहिला पडताळा, मोजून. संच आणि फलने घ्या, व म्हणजे सगळी एकास-एक फलने. दोन्ही रचनांच्या अटी पाळल्या जातात. क मध्ये दोन गावे, ख मध्ये तीन वार. साधी फलने ३ × ३ = ९. आंशिक बाण : रिकाम्या क्षेत्राचा १, एका गावाच्या क्षेत्राचे २ × ३ = ६, दोन्ही गावांचे ९; एकूण १६, म्हणजे (३ + १) चा वर्ग. अपूर्णांक किती? एकच. रिकाम्या संचाचे समावेशन व मध्ये आहे, त्यामुळे कोणतेही दोन अपूर्णांक रिकाम्या संचावर जाऊन जुळतात. पूर्ण कॅटेगरी कोसळून, सममूल्यतेपुरती, एका वस्तूची आणि एका बाणाची उरते. आपल्या वर्ग व मध्ये रिकामे, शून्य, काहीच नसलेले असे काही शिरले आहे का, हे पाहायला म्हणूनच विसरू नये.

दुसरा पडताळा, टप्पा २ मधल्या उदाहरणावर. अवकाश आणि विवृत सतत फलने, व म्हणजे डेन्स विवृत उपसंचांची समावेशने, आणि आधी आयसोमॉर्फिझम लावून त्यांपासून मिळणारे बाण. शून्य वगळून प्रत्येक संख्येला तिचा गुणाकार व्यस्त लावणारा बाण घ्या. क्षेत्र : शून्य वगळलेली रेषा. तोच बाण पुन्हा लावला तर प्रत्येक संख्या आपल्या जागी परत येते, पण संयोजनाचे क्षेत्र शून्य वगळलेली रेषाच राहते. आंशिक बाण म्हणून हे संयोजन (छ, छ) आहे, आयडेंटिटी नाही. शून्यापाशी विचारले तर त्याच्याकडे उत्तर नाही. अपूर्णांक म्हणून ते आयडेंटिटीच आहे, आणि गुणाकार व्यस्त घेणे हा स्वतःचाच व्यस्त असलेला बाण ठरतो.

दोन्ही रचनांच्या अटी पाळल्या जातात तेव्हा त्यांच्यामधला दुवा असा : एक आंशिक बाण दुसऱ्याला लहान क्षेत्रावर मर्यादित करून मिळत असेल, तर त्या दोघांना समान माना, आणि आंशिक बाणांची कॅटेगरी अपूर्णांकांची कॅटेगरी होते. छ१ = छ२∘स असेल तर स आपोआप व मध्ये येतो, कारण छ२ मोनो असल्यामुळे स हे छ१ चे छ२ वरून घेतलेले पुलबॅकच असते. म्हणून टप्पा ३ मधला माझा चुकीचा नियम इथे योगायोगाने बरोबर उत्तर देतो, आणि ज्याने पहिल्यांदा आंशिक बाण शिकले त्याच्या हातून तो अपूर्णांकांत नेमका तसाच उतरतो.

उलट दिशेने, म्हणजे अपूर्णांकापासून आंशिक बाणाकडे, परतता येत नाही. क्षेत्र एकदा पुसले की कोणता प्रतिनिधी मूळचा होता हे चित्रावरून सांगता येत नाही. त्यामुळे दोन्ही लागणार असतील तर आंशिक बाणांची रचना आधी करून ठेवावी.